सही कुणाची, आठवण कुणाची

येल विद्यापीठातले शल्यविशारद आणि लेखक शेर्विन न्यूलंड यांना १९७०च्या दशकात इतके तीव्र नैराश्य आले होते की, त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी का, इथवर डॉक्टरांची चर्चा गेली होती. ईसीटीने, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘शॉक’ म्हणतो त्या उपचाराने, ते बरे झाले, पुन्हा कामावर गेले आणि २००१ मध्ये त्यांनी हे सगळे जाहीर भाषणात सांगितले. न्यूयॉर्कच्या लिंडा आंद्रे यांनाही ईसीटी दिली गेली. या उपचाराने आपल्या आयुष्यातली काही वर्षेच पुसली गेली आणि असे होऊ शकते हे आपल्याला आधी कोणी सांगितले नव्हते, असे त्यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहून मांडले. दोघेही विचारी, दोघांनीही उपचार अंगावर घेतलेला, आणि साक्षी मात्र एकमेकींच्या विरुद्ध. ईसीटीवरची बहुतेक चर्चा यातली एक साक्ष उचलते आणि दुसरीला अपवाद ठरवून मोकळी होते. माझे म्हणणे असे की, दोन्ही साक्षी खऱ्या धरूनच पुढे जायला हवे. तसे केले की दिसू लागते की, विजेच्या प्रवाहापेक्षाही निर्णय कोणी घेतला आणि काय सांगून घेतला यावरून रुग्णांचे मत जास्त ठरते.

हे तपासण्यासाठी दोन माणसे समोरासमोर बसवतो. एक, सरकारी मनोरुग्णालयात हयात घालवलेले मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या, मनोरुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या. दोघेही कल्पित आहेत, त्यांची म्हणणी मात्र आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी आहेत.

डॉक्टर म्हणतात, “ताई, शॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’मधला तो १९७५चा जॅक निकल्सन, नाहीतर आपल्या हिंदी चित्रपटातला, पट्ट्यांनी पलंगाला बांधलेला नायक. मी रोज सकाळी काय बघतो ते ऐका. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो, कारण भूल द्यायची असते. शिरेत सुई लावतात. आधी झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं. तोंडात रबरी गार्ड, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. एका घोट्याला बीपीचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे स्नायूंचं औषध तेवढ्या पावलात पोचत नाही. मग कानशिलाजवळ काही सेकंद प्रवाह दिला जातो. आकडी मेंदूत येते. बाहेर दिसतं ते फक्त ते एक पाऊल थरथरताना. बहुतेकदा मिनिटभराच्या आत सगळं संपतं. मृत्यूचं प्रमाण दर लाख उपचारांमागे दोनच्या आसपास आहे. आणि हा उपचार मी देतो कुणाला? जी बाई आठ दिवस पाणीसुद्धा गिळत नाही, हात वर केला तर तसाच वर राहतो, तिला. ज्याला गोळ्यांचा गुण येण्याची वाट बघायला लावली तर तो तोवर जिवंत राहीलच याची खात्री नाही, त्याला. असं माणूस दोन-तीन शॉकनंतर उठून चहा मागतं, तेव्हा त्याच्या घरच्यांचे चेहरे तुम्ही बघायला हवेत.”

ताईंचे उत्तर त्यालाच धरून येते. “घरच्यांचे चेहरे, डॉक्टर! तुम्ही नेमकं तेच म्हणालात. ज्याच्या डोक्यातून प्रवाह गेला त्याचा चेहरा या वर्णनात कुठे आहे? तुम्ही सांगता ती भूल, ते स्नायू सैल करणारं औषध, हे आपल्या देशात सक्तीचं झालं २०१७च्या कायद्यानं. त्याआधी कितीतरी ठिकाणी भूल न देता, चार जणांनी धरून शॉक दिले गेले आणि भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून त्याचं समर्थनही झालं. पाठीचे मणके मोडत होते हे जगाला माहीत होतं. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या मनातली भीती सिनेमानं घातलेली नाही. आणि आता भूल आली म्हणून प्रश्न संपला असं मी मानत नाही. जाग आल्यावर लोक विचारतात, माझ्या मुलीचं लग्न झालंय का? झालं असेल तर मी तिथे होते का?”

डॉक्टरांच्या बाजूचा वैद्यकीय पुरावा मला खोटा ठरवता येत नाही. एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी हा उपचार पहिल्यांदा माणसावर केला, तेव्हा तो अंदाजाने केलेला प्रयोग होता. पुढे चाचण्या झाल्या. एका गटाला खरा शॉक आणि दुसऱ्याला फक्त भूल, अशा तुलनेत खऱ्या शॉकचे पारडे जड ठरले. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित आढाव्याचा निष्कर्ष तोच होता. जॉन रीड, अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी अलीकडे आक्षेप घेतला की, अशा चाचण्या जेमतेम ११ आहेत, सगळ्या १९८६ च्या आधीच्या आहेत आणि त्यांचा दर्जा यथातथाच आहे. आक्षेप रास्त आहे. पण अन्नपाणी सोडलेल्या रुग्णाला नुसती भूल देऊन परत खोलीत पाठवणे आज कुठल्या नीतिसमितीला मान्य होईल? काही आठवड्यांचा परिणाम होतो, आणि गंभीर नैराश्यात तो गोळ्यांपेक्षा लवकर होतो, हे मी मान्य करतो. पुढचा आकडा मात्र त्याच दमात सांगायला हवा. हॅरॉल्ड सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ईसीटीने बरे झालेल्यांचा माग घेतला. नंतर नुसत्या बिनऔषधी गोळ्या मिळालेल्यांपैकी ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नैराश्यावरचे औषध आणि लिथियम दोन्ही मिळालेल्यांतही ३९ टक्के. ज्याला ‘यानं बरं व्हाल’ एवढेच सांगितले होते, तो सहाव्या महिन्यात परत वॉर्डात येतो तेव्हा आपली फसवणूक झाली असे त्याला वाटले, तर त्याला काय उत्तर द्यायचे? उपचार उपयोगी असूनही रुग्ण त्याच्यावर चिडू शकतो, आणि तो राग चुकीचा असतोच असे नाही.

यावर डॉक्टरांकडे तयार उत्तर असते. “राग थोड्यांना असतो, ताई. विचारून बघितलंय आम्ही. एडिंबरोत फ्रीमन आणि केंडेल यांनी १९८० मध्ये १६६ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेक म्हणाले, फायदा झाला. दातांच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा यात जास्त त्रास नाही असंही बहुतेकांचं मत पडलं. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमध्ये पाहणी झाली, तिथेही बहुसंख्य समाधानी.”

ताई विचारतात, “विचारलं कोणी? कुठे? उपचारानंतर किती दिवसांनी?”

मला या वादातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच वाटतो, आणि तो आधी फ्रीमन-केंडेल यांनाच पडला होता, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथेच परत येऊन, डॉक्टरच्या तोंडावर त्या उपचारांना नावे ठेवणे अवघड असते, अशी कबुली त्यांनी आपल्या लेखात देऊन ठेवली होती. २००३ मध्ये लंडनच्या डायना रोज आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रुग्णांच्या मतांच्या पाहण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. रोज स्वतः मानसोपचार घेतलेल्या संशोधक. त्यांनी डॉक्टरांनी केलेल्या २६ पाहण्या आणि रुग्णांनी किंवा रुग्णांच्या सहभागाने केलेल्या ९ पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या. मुलाखत डॉक्टरने घेतली, रुग्णालयात घेतली, उपचारानंतर लगेच घेतली आणि चार-दोन प्रश्नांतच आटोपली, की समाधानाचा आकडा चढतो. तोच प्रश्न काही महिन्यांनी, सविस्तर आणि दवाखान्याबाहेर विचारला की आकडा उतरतो. ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण समाधानी असतात आणि स्मृतीची हानी महत्त्वाची नसते, हे ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे तेव्हाचे विधान निराधार असल्याचे या आढाव्याने सांगितले. स्मृती कायमची गेल्याची तक्रार निरनिराळ्या पाहण्यांत २९ ते ५५ टक्के रुग्णांनी केलेली होती. म्हणजे साधारण तिघांत एक तरी, असे धरून चालावे लागते.

डॉक्टर इथे मागे हटत नाहीत, आणि त्यांनी हटूही नये. त्यांची हरकत विचार करायला लावणारी आहे. “नैराश्य स्वतःच स्मृती खातं. आजारपणातले महिने कोणालाच नीट आठवत नाहीत. त्याचं खापर शॉकवर फोडलं जातं. आम्ही चाचण्या घेतल्या. २०१० मध्ये सेमकोव्स्का आणि मॅक्लॉक्लिन यांनी ८४ अभ्यास एकत्र केले. पहिले दोन-तीन दिवस आकलन आणि स्मरण घसरतं. पंधरा दिवसांनंतर पूर्वीइतकं, किंबहुना काही बाबतींत पूर्वीपेक्षा चांगलं होतं. चाचणीत सगळं ठीक आणि रुग्ण म्हणतो स्मृती गेली. मी कशावर विश्वास ठेवू?”

चाचणीत नेमके काय तपासतात, ते जरा जवळून बघू. परीक्षक एकेक करून शब्द वाचून दाखवतो: घर, नदी, खुर्ची, पोपट. काही मिनिटे दुसरे काही करायला लावतो आणि मग विचारतो, कोणते शब्द आठवतात? नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती यातून मोजली जाते आणि ती शक्ती परत येते, हे खरेच आहे. तक्रार मात्र वेगळ्या गोष्टीची असते. गेल्या वर्षी गावी गेलो होतो तेव्हा काय झाले, थोरल्या भावाशी भांडण कशावरून झाले, घराच्या कर्जाचे कागद कुठे ठेवले. स्वतःच्या आयुष्याची ही स्मृती शब्दांच्या यादीने मोजता येत नाही, आणि बहुतेक अभ्यासांनी ती मोजलेलीच नव्हती. ती मोजली सॅकाइम यांनी. हे गृहस्थ ईसीटीच्या संशोधनात आयुष्य घालवलेले, त्या उपचाराचे पुरस्कर्ते. न्यूयॉर्क परिसरातल्या सात रुग्णालयांतल्या ३४७ रुग्णांचा त्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. जुन्या पद्धतीचा सलग लहरींचा प्रवाह मिळालेल्यांचा प्रतिसादाचा वेग सहा महिन्यांनीही मंदावलेला आढळला, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड लावलेल्यांची आयुष्यातल्या घटनांची स्मृती तेव्हाही जास्त खंडित आढळली. आजारानेच सारी स्मृती नेली असेल, तर इलेक्ट्रोड एका बाजूला लावला की दोन्ही, याने फरक पडायचे कारण नव्हते. रुग्ण कित्येक वर्षे जे सांगत होते आणि ज्याची नोंद ‘आजाराचे लक्षण’ म्हणून होत होती, ते निरीक्षण होते. ते वेळेवर ऐकले असते तर जुनी यंत्रे लवकर बाद झाली असती आणि उजव्या बाजूच्या, अगदी लहान स्पंदांच्या पद्धतीकडे वैद्यकशास्त्र आधीच वळले असते. रुग्णाचे म्हणणे हा पुरावा मानण्यात विज्ञानाचाच फायदा आहे, तो असा.

संमतीचा प्रश्न तर याहून नाजूक. रोज आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे निम्म्याच रुग्णांनी आपल्याला पुरेशी माहिती मिळाल्याचे सांगितले, आणि संमतीपत्रावर सही असूनही सुमारे एक तृतीयांश जणांना ती सही आपण मोकळेपणाने केली असे वाटत नव्हते. डॉक्टरांची प्रतिक्रिया ठरलेली: “माहिती दिली होती हो. शॉकनंतर तेवढं विसरतात ते.” याचा पहिला भाग अनेकदा खरा असेल. पण दुसरा भाग उच्चारताच त्यांनी एक गोष्ट कबूल केलेली असते. उपचाराच्या आसपासचे दिवस स्मृतीतून जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर एकदा तोंडी सांगून भागत नाही. रुग्णाच्या हातात त्याच्या भाषेत लिहिलेला कागद द्यायला हवा, आणि सहा ते बारा शॉकच्या मालिकेत प्रत्येक वेळी, खोलीत नेण्याआधी, पुन्हा विचारायला हवे. विसरण्याचा धोका हे जास्त सांगण्याचे कारण ठरते.

सिल्व्हिया प्लाथ यांना १९५३ मध्ये दोन ठिकाणी शॉक दिले गेले. त्यांच्या १९६३ च्या ‘द बेल जार’ या कादंबरीतल्या एस्थरचा पहिला अनुभव भयंकर आहे: न समजावता, जागेपणी दिलेला, शिक्षेसारखा वाटलेला. दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टर नोलन या स्त्रीवर तिचा विश्वास बसतो. शॉक द्यायचा ठरलाच तर आधी सांगेन, असे वचन त्या तिला देतात. एके सकाळी सगळ्यांना नाश्त्याचे ट्रे मिळतात आणि एस्थरला मिळत नाही. उपाशी ठेवले म्हणजे काय, हे ती ओळखते. त्या क्षणी तिला मोडते ते विजेच्या भीतीपेक्षाही शब्द न पाळल्याचे दुःख. डॉक्टर येतात, तुला रात्रभर काळजी नको म्हणून आधी सांगितले नाही असे म्हणतात, तिच्याबरोबर चालत जातात, तिथे थांबतात. आणि तोच उपचार या वेळी तिला हलके करून जातो. रुग्णांच्या मतांवरच्या पाहण्यांत आकड्यांनी जे दिसते, ते इथे एका माणसात दिसते. उपचार तोच, माणूस तेच; फरक पडला तो माहिती आणि विश्वास यांमुळे.

“पण आपल्याकडे निर्णय घरचेच घेतात,” असे डॉक्टर म्हणतील. “ऑपरेशनचा घेतात, लग्नाचा घेतात. रुग्णाला सोबत कोण असतं? घरचे. रात्री जागतात कोण? तेच.” यात तथ्य आहे आणि ज्यांनी घरातले असे आजारपण काढले आहे त्यांच्या थकव्याबद्दल मला आदर आहे. तरीही चंदीगडच्या ज्या पाहणीचा दाखला डॉक्टरांनी दिला, तिच्यातच एक गोष्ट नोंदलेली आहे: नातेवाईक रुग्णांपेक्षा जास्त माहीतगार आणि जास्त समाधानी होते. एकूण माहिती दोघांनाही कमीच होती, पण जी होती ती नातेवाइकांकडे जास्त पोचली होती. आठवणी ज्याच्या जाणार त्याला कमी माहिती आणि सही करणाऱ्याला जास्त, ही व्यवस्था प्रेमाची असली तरी न्याय्य नाही. आणि नातेवाइकाचे समाधान हे रुग्णाचे मत म्हणून मोजता येत नाही.

इथे डॉक्टरांची शेवटची आणि सर्वांत जड हरकत येते. “जी बाई बोलतच नाही, तिची संमती कशी घ्यायची? तुमच्या हक्कांची वाट बघत ती मेली तर?” पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांच्यासारख्यांनी ईसीटीला वर्षानुवर्षे विरोध केला. तो विरोध नसता तर बिनभुलीच्या शॉकचा प्रश्न इतका ऐरणीवर आला नसता, असे मी मानतो. पण सरसकट बंदीपर्यंत मी त्यांच्याबरोबर जात नाही, ते या बाईसाठी. आणि तिच्यासाठी कायद्यात वाट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, ज्याच्या मसुद्यात पुण्याचेच मनोविकारतज्ज्ञ सौमित्र पठारे यांचा वाटा होता, तो भुलीशिवायच्या ईसीटीवर बंदी घालतो. अल्पवयीनांना ती पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय देऊ देत नाही. आणि तातडीचा उपचार म्हणून ती वापरायला मनाई करतो. तातडीत मनाई कशाला, असे अनेक डॉक्टर वैतागून विचारतात. घाईत, रात्रीच्या ड्युटीवर, कोणाशी न बोलता घेतलेल्या निर्णयानेच या उपचाराची बदनामी झाली, हे त्याचे उत्तर. रुग्णाला निर्णय घेणे शक्यच नसेल, तर त्याने नेमलेला प्रतिनिधी काही काळापुरती संमती देऊ शकतो, आणि रुग्णाची निर्णयक्षमता परत आली का, हे दर सात दिवसांनी तपासावे लागते. दोन-तीन शॉकनंतर ती बाई बोलू लागली, की पुढच्या शॉकचा प्रश्न तिलाच विचारायचा. मधली सही संपली. प्रत्यक्षात ती बोलू लागल्यावरही मालिका जुन्याच सहीवर पुढे चालू राहत असेल, तर तिचा नंतरचा राग आधीच ओढवून घेतलेला असतो.

ताई आणि डॉक्टर यांचे एकमत होणार नाही, आणि व्हायलाच हवे असेही नाही. पण वाचकहो, तुमच्या घरात ही वेळ आली तर डॉक्टरांना रुग्णाच्या समोर विचारा: भूल कोण देणार आहे, इलेक्ट्रोड एका बाजूला लावणार की दोन्ही, एकूण किती शॉक, नंतर आजार उलटू नये म्हणून कोणती औषधे, आणि सहा महिन्यांनी आयुष्यातल्या घटनांची स्मृती कोण तपासणार? उत्तरे लिहून घ्या आणि तो कागद रुग्णाजवळ ठेवा. ज्यांना हा आजार पूर्वी होऊन गेला आहे आणि आज जे बरे आहेत, त्यांनी कायद्याने दिलेले आगाऊ सूचनापत्र आजच लेखी करून ठेवावे: मला ईसीटी चालेल की नाही, चालेल तर कोणत्या अटींवर, आणि मला बोलता आले नाही तर माझ्या वतीने कोण बोलेल.